सर्वस्वी जबाबदारी अर्जदाराची

आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचा अर्ज जितका संथ सरकतो, तितक्याच वेगाने त्याच्याभोवती किस्से तयार होतात. अर्ज एका जागी थांबला की तिथे माणसं जमतात, जमलेली माणसं बोलतात, आणि बोललेलं माझ्या कानावर येतं. दोन वर्षांत इतके किस्से साठले आहेत की त्यांना आवक क्रमांक द्यावेत असं वाटू लागलंय. मैत्रिणींना सांगितले की त्या पोट धरून हसतात आणि वर म्हणतात, "हे तू रचतेस!" मी लोकप्रशासन शिकवते. रचण्याइतकी कल्पनाशक्ती असती तर वाङ्मय शिकवलं असतं. शिवाय, हे सांगताना मी स्वतः हसत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

महाविद्यालय सेनगाव तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं तर इतर महाविद्यालयांना उगाच वाटेल की हे फक्त तिथेच घडतं.

*

माझ्याकडे शिष्यवृत्ती समिती कशी आली, इथून सुरुवात करते.

सत्राच्या पहिल्या बैठकीत प्राचार्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाला काही शंका?" आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर सर्वजण चहाचा कप उचलून देतात. मी नवी होते. मी विचारलं, "सर, विद्यार्थ्याने अर्ज भरल्यानंतर तो आपल्याकडे नेमका कोणाच्या टेबलावर आणि किती दिवस थांबतो?"

प्राचार्य प्रसन्न झाले. "अत्यंत उत्तम प्रश्न! शिष्यवृत्ती समिती आजपासून मॅडमकडे."

प्रश्न इतिवृत्तात आला. उत्तर आलं नाही. बैठक संपल्यावर कार्यालयातले लिपिक गजाननभाऊ माझ्या शेजारून चालू लागले. गजाननभाऊ म्हणजे शिष्यवृत्तीची खिडकी, तिच्यामागची खुर्ची आणि खुर्चीसमोरचा संगणक, असं सगळं मिळून एक व्यक्तिमत्त्व. माणूस वाईट नाही. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, नव्या हाव म्हणून सांगतो. इथं काम टाळायचं असल तर बैठकीत बोलायचं न्हाई. मी सतरा वर्षं झाले, एक सबुद बोललो न्हाई."

"आणि काम टळलं?"

"बराबर टळलं! फकस्त ही खिडकी तेवढी राहिली."

*

या खिडकीवर अर्जासोबत एक हमीपत्र घेतलं जातं. शासनाने ते मागितलेलं नाही; ही आमची स्थानिक निर्मिती. मजकूर असा: 'काही कारणास्तव शिष्यवृत्ती मंजूर न झाल्यास सर्वस्वी जबाबदारी माझी व माझ्या पालकांची राहील.' खाली विद्यार्थ्याची सही, त्याखाली पालकाची सही किंवा अंगठा. 'काही कारणास्तव' या दोन शब्दांत आमचं अख्खं कार्यालय मावतं.

वर्षानुवर्षं मुलं निमूट सही करत आली. यंदा सत्राच्या सुरुवातीला एक मुलगी खिडकीसमोर उभी राहून ते हमीपत्र वाचू लागली. साखरा गावची सुजाता. विज्ञान शाखेची, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. वडील नाहीत, आई दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जाते. मागे रांग वाढली.

गजाननभाऊ म्हणाले, "वाचून काय राहिली बाई? सही कर अन् हो बाजूला."

"सर, अर्जात माझी चूक निघाली तर जबाबदारी माझी, हे समजलं. पण अर्ज बराबर असून तुमच्याकडूनच पुढं न्हाई गेला, तरी जबाबदारी माझीच?"

गजाननभाऊंनी चष्मा काढून कागद स्वतः वाचला. माझी खात्री आहे, सतरा वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाले, "व्हय. तसंच लिव्हलंय."

"मंग तुमची जबाबदारी कोणती?"

त्यांनी खरोखर विचार केला. खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं आणि म्हणाले, "रांग सरळ ठेवायची!"

सुजाताने सही केली. दुसरा मार्ग नव्हता. शुल्कमाफी मिळाली नाही तर आमचे प्राचार्य तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा अर्ज भरू देत नाहीत. तसं अडवता येत नाही, असा शासनाचा स्पष्ट आदेश आहे. तो मी त्यांना तीनदा लेखी दाखवला. तिन्ही वेळा त्यांनी तो मनापासून वाचला आणि फाइलला लावायला सांगितलं. तेव्हा हिशेब सरळ होता. सुजाताचा अर्ज मुदतीत पुढे गेला, तर ती पदवीधर होणार. नाही गेला, तर दोन वर्षांच्या गुणपत्रिका घेऊन आईबरोबर हळदीच्या वावरात जाणार.

*

प्राचार्यांविषयी सांगायला हवं. सर उत्तम वक्ते आहेत. 'उच्च शिक्षण आणि वैयक्तिक जबाबदारी' या विषयावरचं त्यांचं व्याख्यान जिल्ह्यात गाजलेलं आहे. शाळा, पतसंस्था, गणेश मंडळं, सगळीकडून त्यांना बोलावणं असतं. त्या व्याख्यानात एक वाक्य हमखास येतं: "मी शिरड शहापूरहून एक पत्र्याची पेटी घेऊन निघालो आणि कोणाच्याही मदतीशिवाय शिकलो!" इथे टाळ्या पडतात.

एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी सर स्टाफरूममध्ये आले आणि जुन्या आठवणींत रमले. "आमच्या वसतिगृहाचं जेवण काय सांगू! रविवारी शिरा. परीक्षेच्या काळात दूध. रेक्टर रात्री येऊन कंदील तपासायचे."

मी विचारलं, "वसतिगृह कोणाचं होतं, सर?"

"शासनाचं."

"आणि महाविद्यालयाची फी?"

"ईबीसी होती की. माफ!"

"पुस्तकं?"

"पुस्तकपेढी. वर्षभर ठेवायची, परीक्षा झाली की परत करायची. फार सुंदर योजना होती ती. आता बंद पडली."

"मग सर, कोणाच्याही मदतीशिवाय म्हणजे..."

सरांनी पोळीचा घास डब्यातच ठेवला आणि मला समजावून सांगितलं, "मॅडम, मदत म्हणजे माणसाने माणसाला केलेली. ही तर व्यवस्था होती!"

मला राग येतो तो इथे. मी स्वतः शासनाच्या पैशावर शिकले. विद्यापीठाच्या वसतिगृहात पाच वर्षं राहिले, अधिछात्रवृत्ती घेतली, आणि आज जो पगार घेते तोही त्याच तिजोरीतून येतो. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. मेहनत माझी होती, पायऱ्या मी चढले. पण जिना कोणीतरी आधी बांधून ठेवला होता. जे लोक वर पोहोचल्यावर खालच्यांना म्हणतात की जिना मागणं हे दुबळेपणाचं लक्षण आहे, त्यांची मला कमाल वाटते. आणि त्याहून कमाल वाटते ती त्यांना टाळ्या वाजवणाऱ्यांची, कारण त्यांच्यातले निम्मे त्याच जिन्याने आलेले असतात.

*

हे व्याख्यान आमच्यावरही एकदा उलटलं. त्या वर्षी सरांनी ठरवलं की विद्यार्थ्यांमध्ये जबाबदारीची जाणीव निर्माण करायची. फाटक सकाळी बरोबर दहाला बंद. उशिरा येणारा घरी जाईल. शिपाई रामभाऊमामांना सरांनी बजावलं, "कोणीही असो. सबब ऐकायची नाही!"

पहिल्या दिवशी साखऱ्याची मुलं पावणेदहालाच हजर. त्यांची बस नेहमी उशिरा येते, म्हणून ती कोणाच्या तरी टेम्पोत उभी राहून आली होती. गोरेगावची मुलं जीपने आली. दहाला फाटक लागलं.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी हिंगोलीहून रोज अपडाऊन करणारी प्राध्यापकांची गाडी आली. गाडीत सात जण. त्या सातांत मी होते, हेही नोंदवून ठेवते.

पुढे बसलेल्या आमच्या सहकाऱ्यांनी हॉर्न वाजवला. रामभाऊमामा फाटकाच्या आतून नमस्कार करून उभे राहिले.

"अहो मामा, उघडा की! आम्ही आहोत."

"दिसून राहिलं साहेब. पण आर्डर हाय. कोनीबी असो."

"ती ऑर्डर पोरांसाठी आहे!"

मामांनी मागे वळून आवाराकडे पाहिलं. "पोरं तर समदी आत हायेत साहेब. तुमीच तेवढे बाहेर हाव."

सरांना फोन लागेना. ते स्वतः अजून वाटेतल्या औंढ्यापर्यंतही पोहोचले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून फाटक दिवसभर उघडं राहू लागलं. सूचनाफलकावर कारण लिहिलं होतं: 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी'.

*

आता सुजाताच्या अर्जाकडे येते. तिने अर्ज पहिल्याच आठवड्यात भरला होता. तो परत आला. कारण: उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य. तिने सेनगावला तीन चकरा मारून नवा दाखला आणला. अर्ज पुन्हा भरला. पुन्हा परत. कारण: बँकखातं आधारशी जोडलेलं नाही. ते जोडलं. तिसऱ्यांदा परत. कारण: फोटो अस्पष्ट.

फोटो तिन्ही वेळा तोच होता. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून अस्पष्ट होता!

या वेळी सुजाताबरोबर तिची आई आली. डोक्यावर पदर, हाताची बोटं नखांपर्यंत पिवळी. हळद काढणीचे दिवस होते. एक दिवसाची मजुरी सोडून ती आली होती. खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "दादा, माझ्या लेकराला एवढ्या चकरा काहून मारायला लावून राहिले? एकदाच काय ते सांगा की. आमच्या गावाला बस न्हाई, येळेवर जीप न्हाई. लई तकलीफ होते पोरीला."

गजाननभाऊ सहानुभूतीने म्हणाले, "अवो मावशी, एवढी तकलीफ काहून घेता? दोन वर्षं झालं की शिकून. आता पोरीचे हात पिवळे करून टाका."

तिने आपले दोन्ही हात गजांतून आत सरकवले. "हे बघा, माझे झालेत पिवळे. तिचे शाईनं भरू द्या!"

गजाननभाऊ दोन मिनिटं कागद चाळत राहिले. मायलेकी गेल्यावर मी आत जाऊन त्यांना विचारलं. "गजाननभाऊ, खरं सांगा. पहिल्याच दिवशी तुम्हाला तिन्ही त्रुटी दिसल्या होत्या ना?"

"दिसल्या की मॅडम. आपली नजर हाय तशी."

"मग तिन्ही एकदम का नाही सांगितल्या?"

ते जरा दुखावलेच. "मॅडम, समद्या चुका एकदाच सांगितल्या तर लेकरू घाबरते!"

यात त्यांचा दुष्टावा नव्हता, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मला अधिक चीड येते. दुष्ट माणसाविरुद्ध तक्रार करता येते. एका खेपेला एक चूक सांगायची, ही आमच्या कार्यालयाची रीत आहे. त्यांना ती त्यांच्या आधीच्या लिपिकाने शिकवली आणि तो निवृत्त झाला. दरम्यान साखऱ्याहून येणारी मुलगी प्रत्येक खेपेला एक प्रात्यक्षिक बुडवते, आणि वर्गात हजेरी घेणारे आम्ही, तिला वैयक्तिक जबाबदारीची जाणीव नाही म्हणून उभं करतो.

*

मध्यंतरी मूल्यांकन समिती आली. आठवडाभर आधी भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवर नवा फलक: 'विद्यार्थी साहाय्य कक्ष'. खिडकी तीच, गज तेच.

समितीसमोर चार विद्यार्थी बोलणार होते. सुजाताचे गुण चांगले म्हणून ती त्यांच्यात होती. सरांनी चौघांना केबिनमध्ये बोलावून तयारी करून घेतली. "शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, असं विचारतील. काय सांगायचं?" चौघांनी एका सुरात सांगितलं, "मिळते!"

समितीचे अध्यक्ष वयस्कर, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी नेमकं सुजाताला विचारलं, "काय बेटा, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते?"

सुजाताने सरांकडे पाहिलं. सरांनी प्रोत्साहनपर मान हलवली.

ती म्हणाली, "मिळते असं सांगायला सांगितलंय, सर."

अध्यक्ष हसले. सरही हसले, मोठ्याने आणि बराच वेळ. पुढचे चार दिवस मात्र ते माझ्याशी बोलले नाहीत. मुलीला हे मी शिकवलं, असा त्यांचा ग्रह झाला होता. माझं दुर्दैव, की त्याचं श्रेय मला घेता येत नाही.

*

आणि हा शेवटचा, गेल्या महिन्यातला.

सुजाताचा अर्ज अखेर निर्दोष ठरला. त्याच्यासारखेच आणखी दहा. एकूण अकरा अर्ज महाविद्यालयाकडून पुढे जायचे राहिले होते, आणि मुदत संपायला दोन दिवस होते. पद्धत अशी: गजाननभाऊंनी संगणकावर अर्ज उघडायचा, 'पुढे पाठवा' म्हणायचं, की प्राचार्यांच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी येतो. तो दहा मिनिटांत इथे भरायचा. प्रत्येक अर्जाला वेगळा ओटीपी. एवढंच काम. सरांना फक्त आकडे वाचून दाखवायचे होते.

आदल्या दिवशी सर केबिनमध्येच होते. गजाननभाऊंनी पहिला अर्ज उघडला, मी केबिनच्या दारात उभी राहिले. मोबाइल वाजला. सरांनी संदेश उघडला, पूर्ण वाचला आणि गंभीर झाले.

"मॅडम, यात स्पष्ट लिहिलंय. हा क्रमांक कोणालाही सांगू नये."

"सर, तो क्रमांक आपल्याच कार्यालयात भरायचा आहे. आपल्याच संगणकावर."

"ते ठीक आहे. पण 'कोणालाही' म्हणजे कोणालाही. परवाच आमच्या साडूंची फसवणूक झाली. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"मग सर, आपण स्वतः येऊन भरावा. पाच पावलांवर संगणक आहे."

"उद्या बघू," सर म्हणाले. "आज उद्याच्या व्याख्यानाची तयारी आहे."

उद्या म्हणजे मुदतीचा शेवटचा दिवस. सरांचं व्याख्यान हिंगोलीला, दुपारी तीन वाजता. विषय सांगायची गरज नाही. तिथून ते परस्पर बाहेरगावी लग्नाला निघणार होते, हे मला त्या दिवशी सकाळी शिपाई रामभाऊमामांकडून कळलं.

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. सहाव्या फोननंतर सरांचा संदेश आला: 'कार्यक्रमाच्या गडबडीत आहे. विद्यार्थ्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये, हे त्यांना समजावून सांगावे.'

मी तो संदेश दोनदा वाचला. मग खिडकीबाहेर उभ्या असलेल्या अकरा जणांना वाचून दाखवला, शब्दशः. त्यांच्यातल्या कोणाचाही अर्ज चार महिन्यांच्या आतला नव्हता. एक मुलगा भिंतीला टेकून खाली बसला.

सुजाताने विचारलं, "मॅडम, ते भाषण कोणासाठी हाय?"

"विद्यार्थ्यांसाठी. निमंत्रणपत्रिका फलकावर लावली आहे."

ती जाऊन पत्रिका वाचून आली. या मुलीला प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. "मॅडम, खाली लिव्हलंय, 'व्याख्यानानंतर विद्यार्थ्यांशी प्रश्नोत्तरे'. मंग आमी जातो."

"जाऊन काय करणार?"

"इचारतो."

अकरा जणांत एक जीप ठरली. निघताना ती एवढंच म्हणाली, "मॅडम, माझा फोन चालूच ठेवते. मी 'आता' म्हणलं की माझा अर्ज पाठवा."

दुपारी तीनपासून मी आणि गजाननभाऊ त्या संगणकासमोर बसून होतो. माझा मोबाइल टेबलावर, स्पीकर चालू. सभागृहातला आवाज घुमत येत होता. स्वागत झालं, सत्कार झाला, मग सर उठले. पत्र्याची पेटी आली. कोणाच्याही मदतीशिवाय आलं. टाळ्या आल्या. गजाननभाऊ गालावर हात ठेवून ऐकत होते. म्हणाले, "काही म्हणा मॅडम, सर बोलतात बाकी झकास." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घाईने माउसवर हात ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी सर म्हणाले, "आता तरुण मित्रांनी प्रश्न विचारावेत. निःसंकोच विचारावेत! प्रश्न विचारणं ही विद्यार्थ्याची पहिली जबाबदारी आहे."

फोनमधून कुजबुज आली. "मॅडम. आता."

गजाननभाऊंनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'ओटीपी पाठवण्यात आला आहे'.

मग सुजाताचा आवाज, या वेळी खणखणीत. "सर, मी सुजाता. साखऱ्याची. तुमच्याच कॉलेजची विद्यार्थिनी. माझा एकच प्रश्न हाय."

"अरे वा! आमचीच लेक. विचार बाळ, निःसंकोच विचार."

"सर, तुमच्या मोबाइलवर आत्ताच सहा आकडे आले असतील. ते कोणते?"

सभागृहातल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. गजाननभाऊंचं बोट कीबोर्डवर तसंच अधांतरी. एक मिनिट गेलं असेल. मला ते अर्ध्या तासासारखं वाटलं, आणि अतिशयोक्ती करण्याची मला सवय नाही.

मग व्यासपीठावरून कोणा वडीलधाऱ्याचा आवाज आला, बहुधा कार्यक्रमाच्या अध्यक्षांचा. "सांगा की सर. लेकरू एवढं उभं राहून इचारून राहिलं."

खिशातून काहीतरी काढल्याचा खरखर आवाज माइकवर आला. चष्म्याची डबी उघडल्याचाही. सरांनी घसा साफ केला.

"सात... शून्य... तीन..."

गजाननभाऊ टाइप करत होते. ओठ हलत होते.

"तीन... नऊ... एक."

पडद्यावर हिरवी पट्टी आली: 'अर्ज यशस्वीरीत्या पुढे पाठवण्यात आला'. मी फोनमध्ये म्हटलं, "गेला, सुजाता." सभागृहात आधी एकाने, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, हे त्यांच्यापैकी कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

तीस वर्षं व्यासपीठावर काढलेला माणूस. टाळ्या ऐकल्यावर सरांचा आवाज पूर्ववत भरदार झाला. "छान! असे नेमके प्रश्न विचारले पाहिजेत. पुढचा प्रश्न?"

गजाननभाऊंनी न सांगता दुसरा अर्ज उघडला. फोनमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, एकामागोमाग एक, आणि त्यावर संयोजकांचं ओरडणं:

"अरे, एकेक जण बाबांनो, एकेक जण! दहा हात एकदाच काहून वर करून राहिले?"